एक्स-रे बंद आहे

मित्रांनो, मी सरकारी दवाखान्यातली एक जुनी पत्र्याची पाटी. माझ्या अंगावर तीनच शब्द आहेत: 'एक्स-रे बंद आहे'. रंगाऱ्याने ते इतके सुबक काढले, की जाणारे-येणारे थांबून बघत. मीही भाव खाऊन घेतला. आज ते आठवलं तरी मान खाली जाते.

सुरुवातीला मी खरं बोलत होते. लोकांच्या कराच्या पैशातून घेतलेलं यंत्र बिघडलं होतं. ते दुरुस्त होईपर्यंत रुग्णांना समोरच्या खासगी केंद्रात पाठवायचं आणि बिल सरकारने भरायचं, असं ठरलं. सोय चांगली होती. कुणाची अडचण झाली नाही.

दोन महिन्यांत यंत्र ठीक झालं, पण मला कुणी उतरवलं नाही. समोरच्या केंद्राकडून मोठ्या साहेबांना काहीबाही पोहोचत होतं. पुढे सरकारी निधी आटला, तेव्हा लोक पदरमोड करू लागले. मी दारावर तशीच.

एका सकाळी एक शिवणकाम करणारी बाई सासूला पाठुंगळी घेऊन आली. म्हातारी पाय घसरून पडली होती.

"काय लिहिलंय गं, सूनबाई?"

"बंद आहे म्हणे. समोर जावं लागेल."

"तिथं पैसे पडतील. चल घरी, शेकलं की बरं वाटेल."

दाराआड यंत्र धडधाकट उभं होतं.

तीन महिन्यांनी दोघी परत आल्या. हाड वाकडं जुळलं होतं. म्हातारीला उभंही राहवत नव्हतं.

"अहो, तेव्हाच का नाही आणलंत?" सिस्टर रागावल्या.

"आणलं होतं की. ही पाटी वाचून माघारी गेलो."

सिस्टरांचा चेहरा पडला. यंत्र चालू आहे, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्या गप्प बसल्या होत्या. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि मला उतरवलं.

साहेब धावत आले. "कुणाला विचारून काढलीत?"

"कुणालाच नाही, सर. कुणी सांगेल म्हणून इतके दिवस थांबले, तिथंच चुकलं माझं."

त्या दिवशी दुपारपर्यंत बावीस जणांचे फोटो निघाले, फुकट. म्हातारीचा पाय मात्र सरळ झाला नाही.

आता मी अडगळीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून असते. मित्रांनो, दवाखाना सरकारी असो की खासगी, तो तुमच्याच पैशावर चालतो. दारावर माझ्यासारखी पाटी दिसली, तर आत जाऊन एवढंच विचारा, "कधीपासून बंद आहे?" त्या सुनेने ते विचारलं नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.