संत्र्याची साल

"अहो आई, फळावर थुंकलात!" मी ओरडलेच.

तोडणीचा तिसरा दिवस होता. सासूबाई खोक्याशी बसून संत्री निवडत होत्या, डागी इकडं, चांगली तिकडं. खोकल्याची उबळ आली आणि हातातल्या फळावर लाल शिंतोडे उडाले. त्यांनी ते बाहीला पुसलं आणि खोक्यात टाकायला निघाल्या. मी हिसकावून घेतलं.

"हिरड्या सुजल्यात, दुसरं काही नाही," त्या म्हणाल्या. "तू तुझं काम बघ. तोंडाचा पट्टा नको चालवूस."

पण त्यांच्या नडग्या मला दिसल्या होत्या. कुठं न आपटता काळेनिळे डाग. असले डाग मी याच घरात पाहिले होते, गेल्या तोडणीला, माझ्या धाकट्या जावेच्या पायांवर.

धाकटीचा ताप लांबला होता. ताप उतरला तरी सासूबाईंनी पथ्य सोडू दिलं नाही. उकळलेलं दूध आणि पाव, पाच महिने. मग तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, दात हलायला लागले, तसं पथ्य आणखी कडक झालं. बाहेर फांद्या फळांनी वाकलेल्या आणि ही खाटेवरून हात पुढं करायची. "एक फोड द्या ना, आई. एकच."

"आंबटानं हिरड्या सडतात, बाळा. बरी हो, मग टोपलीभर खा."

मायेनंच म्हणायच्या, हे मी कुणाच्याही पुढं शपथेवर सांगेन. पण ती गेली. तिची गादी उन्हात टाकायला उचलली, तर खाली संत्र्याच्या वाळक्या साली. आतला पांढरा भाग दातांनी खरवडून खाल्लेला. त्या हलणाऱ्या दातांनी! सासूबाई साली ओंजळीत घेऊन उभ्या राहिल्या.

"ह्या कुणी दिल्या हिला?"

मी गादी उचलून अंगणात नेली.

तेव्हापासून त्या धाकटीच्याच खोलीत झोपायच्या. एकेक करत सगळं खाणं सोडलं, आणि गेले सहा महिने तिचंच जेवण जेवत होत्या, दूध आणि पाव. "दुपारची येते ती," मला एकदा म्हणाल्या, "उंबऱ्यात बसते. हात पुढं केलेला असतो." म्हातारीचं डोकं फिरलं, असं मी मनाशी म्हटलं. पण तोडणी सुरू झाली आणि त्या बंद खोलीत सालीचा वास यायला लागला. मलाही यायचा. मी तिथून पाय उचलून चालायचे.

रक्त पाहिल्यावर मी नर्सबाईंना बोलावून आणलं. त्यांनी तोंड पाहिलं, पाय पाहिले.

"आजी, जेवता काय?"

"दूध-पाव."

"आणि ही एवढी बाग कुणासाठी? अहो, ताजं आंबट फळ पोटात गेलं नाही की हिरड्या अशाच सडतात. दात हलतात, जखम भरत नाही, कातडीखाली रक्त साकळतं. रोज दोन संत्री खायची, नाहीतर लिंबू पिळून घ्यायचं. शिजवायचं मात्र नाही, शिजवलं की गुण जातो."

सासूबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. "न खाल्ल्यानं सडतात?"

"हो."

"खाल्ल्यानं नाही?"

"नाही हो आजी."

"माझ्या धाकट्या सुनेचं असंच झालं होतं."

नर्सबाई पिशवी आवरता आवरता थांबल्या. "न बघता मी कसं सांगू?" त्या म्हणाल्या, आणि आमच्याकडं न बघताच निघून गेल्या.

त्यानंतर तर सासूबाईंनी हट्टच धरला. संत्र्याला हात लावीनात. "तिला दिलं नाही. माझ्या घशाखाली कसं उतरेल?" तिसऱ्या दिवशी त्यांना उठून उभंही राहवेना. मला धडकी भरली. दुसरं मरण याच खाटेवर, याच आजारानं, आणि या वेळी सगळं माहीत असताना! भर दुपारी मी संत्रं सोलून त्यांच्यापुढं बसले.

"खा. नाहीतर आजपासून मीही दूध-पाव. मग बसवा उंबऱ्यात दोघींना."

"जीभ फार सुटलीय तुझी," त्या म्हणाल्या. पण हात पुढं केला. पहिली फोड त्यांनी मला उंबऱ्यात ठेवायला लावली. दुसरी तोंडात घातली. हिरड्यांना अशी झोंबली की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तरी थुंकली नाही.

दोन दिवसांत रक्त थांबलं. आठव्या दिवशी त्यांनी पावाची कडक कड दातांनी तोडली, आणि चावता चावता थांबल्या.

"थोरले, किती दिवस झाले गं?"

"आठ."

"नीट मोज."

मी बोटांवर मोजले. आठच भरले.

"आठ दिवसांचं काम होतं," त्या म्हणाल्या आणि हंबरडा फोडला. धाकटी गेली तेव्हाही त्या एवढ्या रडल्या नव्हत्या.

आता गावात कुणी आजारी पडलं की त्या काठी टेकत टोपली घेऊन जातात. "शिजवू नका. कच्चंच द्या. मागेल तेवढं द्या," असं दारातूनच बजावतात. धाकटी त्यांना आता दिसत नाही म्हणे. मन हलकं झालं असेल.

मला दिसते. दुपारी, उंबऱ्यात. तोडणीच्या वेळी सासूबाईंची नजर चुकवून झाडाआड एखादं फळ सोलून खायची आम्हा बायकांना सवय. मीही खायचे. खाऊन झालं की साली ओटीत लपवून तिला नेऊन द्यायचे, वास तरी घेऊ दे म्हणून. ती दोन्ही हातांनी घ्यायची आणि मला म्हणायची, "तुमचे उपकार, ताई."