डावीकडे वळून

तिनं केबलची पिन बेस गिटारमध्ये खुपसली आणि कोपऱ्यातल्या अँपमधून असा काही खरखराट उठला, की स्वयंपाकघरातून लेक हातात चहाची गाळणी घेऊनच धावत आली.

"काय फोडलंत?"

"काही नाही गं. इतकी वर्षं माळ्यावर होती बिचारी. घसा खाकरतेय," ती म्हणाली.

तिचा नवरा अँपपाशी स्टुलावर बसला होता. त्यानं घाईघाईनं आवाज कमी केला, पण खरखर काही थांबेना. तेव्हा तिनं, कपाळावरचे केस मागे सारावेत तितक्या सहज, केबल मांडीवरून ओढून घेतली आणि अख्खं अंग डावीकडे वळवलं. केबल ताणली गेली. खरखर बंद. मग तिनं सगळ्यात जाड तार छेडली, तसा खोलीभर एक खोल, गोल सूर पसरला आणि कपाटातले काचेचे पेले बारीक किणकिणले.

त्याच्या अंगावर काटा आला. हाच तो सूर. कानांच्या आधी छातीला कळायचा. एक क्षणभर तो नुसता सुखावला आणि मग कुठंतरी अडखळला.

"आत्ता काय केलंस तू?"

"काय केलं?"

"वळलीस ना, ते."

"अहो, जॅक खराब आहे हिचा, पहिल्यापासून. पिन सरळ राहिली की खरखरते, तिरकी ताणली की गप्प बसते. आपला ऑर्केस्ट्राचा म्होरक्या कसला चिकट! 'वाजतेय ना? मग कशाला खर्च?' अख्खे कार्यक्रम मी असे तिरके काढलेत."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. लेकीच्या त्याआधीच आलं होतं.

"अगं बाई! म्हणजे आई तुझ्याकडे बघतच नव्हती, बाबा! ती वायर ताणत होती!" हसता हसता लेक खालीच बसली.

ती गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. तरुणपणी ती एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवायची आणि तो त्याच ऑर्केस्ट्राचे दिवे सांभाळायचा. सगळे त्याला दिवाबत्तीच म्हणत. ती जागची हलत नसे, म्हणून तिचं नाव खांब. दिवाबत्तीची जागा तिच्या डाव्या हाताच्या विंगेत, आणि खांबाचं तोंड कार्यक्रमभर डावीकडे. एक कार्यक्रम झाला, दोन झाले, हंगाम संपत आला तरी तेच. शेवटी त्यानं मनाशी म्हटलं, मुलगी इतकी टक लावून बघतेय आणि आपण मठ्ठासारखे दिवे विझवत बसलोय, हे काही खरं नाही. धीर करून विचारलं आणि ती हो म्हणाली. 'मी कसला विचारतोय! हिनंच बघून बघून मला गार केलं,' हे वाक्य त्यानं लेकीच्या लग्नात तिच्या सासरच्यांना ऐकवलं होतं. एकदा तर नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही. येत्या रविवारी ऑर्केस्ट्राची जुनी मंडळी जमणार होती. म्होरक्यानं फोनवर बजावलं होतं, खांबानं बेस आणायची आणि दिवाबत्तीनं माइकवर गोष्ट सांगायची.

"आता रविवारी काय सांगणार रे?" लेक डोळे पुसत म्हणाली. "लूज कनेक्शनमुळे लग्न जमलं?"

तोही हसला. ते हसू खोटं वाजतंय हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"पुरे झाली चेष्टा," बायको म्हणाली. "तो जॅक बदलायला हवा. कुणाला तरी बोलावू या."

"कुणाला कशाला? मी आहे ना," म्हणत त्यानं चपला अडकवल्या.

दुकानापर्यंतचा रस्ता त्यानं मान खाली घालूनच काढला. रागवायचं तरी कुणावर? ती कधी खोटं बोललीच नव्हती. गोष्ट सांगणारा तो. ती नुसती शेजारी बसून ऐकायची आणि मध्येच 'पुरे आता' म्हणायची. त्याला वाटायचं, लाजतेय. या वयात असल्या गोष्टीचं वाईट वाटून घ्यायचं म्हणजे अगदीच पोरकटपणा. संसार झाला, चांगला झाला. सुरुवात वायरीपासून झाली म्हणून काय तो वाया जातो? नाही जात. पण तरी. रविवारी सरळ म्हणायचं, घसा बसलाय, असं त्यानं ठरवून टाकलं.

तो परतला तेव्हा लेक तिच्या घरी गेली होती आणि बायको आतल्या खोलीत जरा आडवी झाली होती. त्यानं जेवणाच्या टेबलावर जुना पेपर पसरला, डाग द्यायची सोल्डरची गन तापायला लावली. पण उघडण्याआधी बिघाड एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, ही त्याची जुनी खोड. त्यानं अँपचा आवाज अगदी बारीक केला, गिटार स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि तिच्यासारखा डावीकडे वळला. खरखर बंद. सरळ झाला. खरखर सुरू.

मग पकड घ्यायला तो उजवीकडे वळला.

खरखर बंद.

तो तसाच थांबला. पुन्हा सरळ झाला, पुन्हा उजवीकडे वळला. अगदी स्वच्छ. त्यानं नट सोडवून जॅक बाहेर काढला आणि खिडकीपाशी धरला. तोंड चहूबाजूंनी झिजून मोठं झालं होतं आणि पिन आत नुसती डुगडुगत होती. कुठल्याही बाजूला ओढा, ती कडेला टेकायची आणि गप्प बसायची. डावं-उजवं असं काही नव्हतंच.

उजवीकडे काय होतं, हे त्याला आठवावं लागलं नाही. उजवीकडे कुरळ्या केसांचा सॅक्सोफोनवाला होता. त्याच्या शेजारच्या खुर्चीसाठी गाणाऱ्या मुलींची भांडणं व्हायची. आणि त्याच्या मागं तो मोठा उभा पंखा, साऱ्या रंगमंचावर एकच. डावीकडे होते त्याचे स्वतःचे दिवे. असे रणरणते, की दुसऱ्या गाण्यालाच खांबाच्या गालावरून पावडर ओघळायची. मध्यंतरात तो तिला पाण्याचा पेला नेऊन द्यायचा आणि ती तो एका दमात रिकामा करायची.

"चष्मा पुसा आधी," मागून आवाज आला. ती उठून आली होती. "काही दिसत नसेल तुम्हाला."

"जरा ही वायर धर."

तिनं वायर धरली. त्यानं नव्या जॅकच्या कानाला गनचं टोक टेकवलं. राळेचा धूर वर आला आणि तो वास नाकात शिरताच त्याला विंगेतली लाकडी फळी, तापलेले दिवे, पडदा उघडण्याआधीची ती धडधड, सगळं एकदम आठवलं. त्यानं मान तिच्याकडे वळवली.

"उजवीकडे ओढली तरी खरखर जाते गं."

"हलू नका. डाग सुटेल."

"जाते ना पण?"

"जाते. मला का ठाऊक नाही? वाजवत मीच होते ना."

"उजवीकडे पंखा होता," तो म्हणाला.

"होता की. चांगला गारेगार वारा यायचा त्याचा. झालं का तुमचं? बोट भाजतंय माझं."

त्यानं डागावर फुंकर मारली, मग तिच्या बोटावर. दुसरी वायर लावली, जॅक आतून पकडीनं धरून नट आवळला आणि गिटार तिच्या हातात दिली. "आता कुठंही वळ. नाचलीस तरी हूं की चूं होणार नाही."

तो अँपपाशी, तिच्या उजव्या हाताला, स्टुलावर जाऊन बसला. तिनं पिन लावली. केबल सैल सोडून, सरळ उभं राहून तिनं जुनी सुरावट धरली. एक खरखर नाही. चार घास खावेत तसं थोडंसं वाजवून ती थांबली.

"अहो, तिकडे काय बसलात?"

"अँपकडे लक्ष देतोय."

"त्याला काही धाड भरली नाही. इकडे या."

त्यानं स्टूल उचललं, तिच्या समोरून वळसा घालून डावीकडच्या भिंतीशी नेलं आणि बसला. ती वळली. बोटं पुन्हा तारेवर ठेवली.

"आणि रविवारी गोष्ट सांगाल ना," ती म्हणाली, "त्यात तो पंखा घाला."