परत आणायची अट

नोकरीतून निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांत सिस्टरला घर खायला उठलं. पस्तीस वर्षं दवाखान्यात वॉर्ड सांभाळलेली ही बाई. शेजारीपाजारीसुद्धा तिला सिस्टरच म्हणायचे. ताई म्हणणारा एकच, धाकटा भाऊ. एका सकाळी तिने त्याला फोन करून सांगितलं, की मी कुत्रा पाळणार आहे, आणि विकत न घेता टाकून दिलेल्या कुत्र्यांना सांभाळणाऱ्या एखाद्या केंद्रातून आणणार आहे. भाऊ सुतारकाम करायचा, त्याच्याकडे टेम्पो होता. तो म्हणाला, "मुकादमासारखा नाही मिळायचा, ताई."

मुकादम त्यांच्या लहानपणचा कुत्रा. तांबूस, आखूड पायांचा. गल्लीत कुणी भिंत बांधो की सायकलचं पंक्चर काढो, हा शेजारी जाऊन बसणार आणि काम संपेपर्यंत हलणार नाही. म्हणून ते नाव. शाळा सुटायच्या वेळी स्वारी कोपऱ्यावर हजर. डब्यात काय उरलंय ते दप्तर हुंगून ओळखायचा. ती बारा वर्षांची असताना वडिलांची बदली झाली. नव्या गावी कंपनीच्या खोल्यांत जनावर चालत नव्हतं. ओळखीच्या ओळखीने एक वीटभट्टीवाला आला आणि मुकादमाला ट्रकमध्ये घालून घेऊन गेला. तिकडे मोकळं रान आहे, मजेत राहील, असं वडील म्हणाले. सुट्टी लागताच आईच्या मागे लागून ती भट्टीवर गेली, तर तो माणूस म्हणाला, कुठलं कुत्रं? त्यानंतर कित्येक महिने ती वडिलांशी धड बोलली नाही.

पहिलं केंद्र भावाने मोबाइलवर शोधलं. गुळगुळीत फरशी, सोफा, भिंतभर हसऱ्या कुटुंबांचे फोटो. एका तरुणाने आतून काळं पिल्लू आणून तिच्या मांडीवर ठेवलं. ते असं काही बिलगलं की भाऊ तिथेच विरघळला. सिस्टरने मात्र सवयीने ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, पांढुरक्या होत्या. डोळ्यांत चिपडं. लशीचं कार्ड मागितलं, तर नंतर पाठवतो म्हणाला. बाकीची कुत्री बघायची म्हटलं, तर आत कुणाला सोडत नाही म्हणाला. शेवटी तिने विचारलं, उद्या मला झेपलं नाही तर?

"एकदा नेलं की तुमचं, मॅडम. द्या कुणालाही."

तिने पिल्लू परत दिलं, त्याला आजच्या आज डॉक्टरकडे न्या असं बजावलं आणि बाहेर आली. टेम्पोत भाऊ कुरकुरला, की पिल्लू काय सर्टिफिकेट घेऊन जन्माला येतं का. तिच्या हातांना अजून त्या पिल्लाची ऊब होती. घरी आल्यावर तिने ओळखीच्या प्राण्यांच्या डॉक्टरला फोन करून त्या पिल्लाचं सांगितलं. तिकडे मी बघतो, म्हणाला तो, आणि दुसऱ्या एका केंद्राचा पत्ता दिला.

ते निघालं लाकडाच्या वखारीमागे, पत्र्याच्या छपराखाली. गमबूट घातलेली एक बाई फरशी धूत होती. हात पुसून तिने आधी सगळं हिंडून दाखवलं. पाण्याची भांडी लख्ख, आजारी कुत्री वेगळ्या खोलीत, प्रत्येक पिंजऱ्यावर तक्ता. लस, औषध, स्वभाव, सगळं त्यावर. एकावर लिहिलं होतं, 'झाडूला घाबरतो, माणसांना नाही.' सिस्टरला आपल्याच वॉर्डात आल्यासारखं वाटलं.

मग बाईने प्रश्न विचारायला घेतले. घर भाड्याचं का, जिने किती, तुम्ही आजारी पडलात तर कोण बघेल? अर्धा तास झाला. भाऊ चुळबुळायला लागला. मग बाईने विचारलं, पूर्वी कुत्रा होता का, आणि त्याचं काय झालं?

"म्हातारा होऊन गेला," भाऊ घाईने म्हणाला.

"नाही," सिस्टर म्हणाली. "आम्ही दिला. कुणाला देतोय ते नीट पाहिलं नाही." आणि तिने सगळं सांगून टाकलं. आता इथून रिकाम्या हातानेच जावं लागणार, असं तिने मनाशी धरलंच होतं.

भाऊ जमिनीकडे बघत होता. "बाबा परत गेले होते, ताई. दोनदा. केस कापायला नेतो असं घरी सांगून मला बरोबर घेतलं होतं. आसपासच्या सगळ्या भट्ट्या पालथ्या घातल्या आम्ही. तुला सांगू नको म्हणाले, उगीच आशा लावून बसेल."

सिस्टरला ते दोन रविवार आठवले. संध्याकाळी दोघं तसेच वाढलेल्या केसांनी परतले होते. दुकान बंद होतं म्हणे. वडील न जेवताच भिंतीला टेकून बसले होते, आणि तिने त्यांना साधं पाणीसुद्धा नेऊन दिलं नव्हतं. आता वडील जाऊनही वीस वर्षं झाली होती.

बाईने तिला डोळे पुसू दिले, मग कागद पुढे सरकवला. "एवढी एक अट वाचा. झेपलं नाही तर कुत्रा इथेच परत आणायचा, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. दहा वर्षांनीही."

सिस्टरने त्या ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचली आणि सही केली.

पिल्लू मात्र बाईने दिलं नाही. तीन जिने चढून जाणाऱ्या माणसाच्या पायात ते यायचं, म्हणाली. घर बघून गेल्यावर आठवड्याने तिने आठ वर्षांची एक करडी कुत्री आणून सोडली. नाव बिजली, चाल गोगलगायीची. दोन दिवस ती पलंगाखालून निघाली नाही. तिसऱ्या सकाळी सिस्टर गॅसपाशी उभी असताना ती हळूच आली आणि तिच्या पोटरीला टेकून उभी राहिली.

पाय न हलवता सिस्टरने भावाला फोन लावला, बिजली बाहेर आल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "आज ये ना. बाबांचं तुला अजून काय काय आठवतं, ते सांग मला."

काम अर्धं टाकून तो दुपारीच आला.