भरल्या पोटाची मरळ

माझे भावोजी केसरीनाथ म्हणजे अख्ख्या शेलार गावात एकच माणूस, ज्याच्या घरात मासा तव्यावर कमी आणि काचेत जास्त. गोडाऊनला जमीन दिली, पैसा आला, घरात चकाचक लादी बसली आणि हॉलमध्ये ही एवढी मोठी काचेची टाकी आली. आत सात गोल्डफिश. इथपर्यंत ठीक. पण मग त्यांनी त्यात मरळ सोडली.

मरळ तुम्ही कालवणात बघितली असेल. जिवंत मरळ वेगळी. काळी, सापासारखं तोंड, कोपऱ्यात दगडासारखी पडून राहणार. माझ्या भाच्याने, प्रितेशने, तळ्यावरून गळाला लावून आणलेली.

"भावोजी, सरळ मसाला लावा हिला. नायतर ही सगळ्यांचा नाश्ता करणार."

"न्हाय करत. पोट भरलेलं आसंल तर कोण कोणाला खातंय, बाळाराम? दोन टाइम कोलंबी टाकतो तिला. बघ, कशी गुमान हाय."

ते मरळीबद्दल बोलत नव्हते, एवढं मलाही कळत होतं. प्रितेशची बायको मार खाऊन खाऊन माहेरी गेली ती गेलीच. काल्हेरच्या गोडाऊनमधून मारामारी केली म्हणून काढलं त्याला. आता घरात तो, भावोजी आणि माझी भाची उन्नती. माझी ताई जाऊन चार वर्षं झाली. म्हणजे मध्ये पडायला कोणी नाही.

मी म्हटलं, "पोरीला आमच्याकडे पडघ्याला पाठवा. कमळा हाय घरात, कॉलेजला मी टेम्पोने सोडीन."

भावोजींनी टाकीकडे बोट केलं. "त्याला नवी बाइक दिली, खिशात पैशे ठेवतो त्याच्या. आता कनाला हात उचलंल तो? ते बघ, सातच्या सात हायेत. ज्या दिवशी एक कमी होईल, त्या दिवशी घेऊन जा पोरीला. शब्द हाय."

आता सांगा, मेहुण्याला कोणी असं चॅलेंज देतं का? आणि तेही माझ्यासारख्या मेहुण्याला, ज्याने भावोजींच्या हळदीत त्यांच्याच चपला त्यांनाच विकल्या होत्या!

दुपारी लोडशेडिंग झालं, पंखा बंद पडला, भावोजी ओट्यावर जाऊन बसले. मी चहाची गाळणी घेतली, एक मासा उचलला आणि पाण्याच्या बाटलीत टाकला. बाटलीचं तोंड बारीक, त्याचे जरा खवले निघाले असतील. शेपटी त्याची आधीच फाटलेली होती, ती मी नाही केली.

घरी बायकोने, कमळेने, बाटलीत बघितलं. "एवढासा? याला तळू की पुजू?"

"पातेल्यात ठेव. हा आपल्या उन्नतीला घेऊन येणार आहे."

दोन दिवसांनी टेम्पो घेऊन शेलारला गेलो. तोंड अगदी साधं ठेवलं. "भावोजी, मोजा बघू मासे."

"कनाला? तूच मोज."

मी मोजले. सात. परत मोजले. सात! भावोजी खदखदून हसले. "काय रं, चेहरा का पडला तुझा?"

एक मासा माझ्या पातेल्यात, आणि टाकीत सात. मी तडक स्वयंपाकघरात गेलो. उन्नती तांदूळ निवडत होती. कचऱ्याच्या डब्यात वर रबर लावलेली प्लास्टिकची पिशवी होती, ओली.

"फाटक्या शेपटीवाला तूच नेलास ना मामा?" ती हळूच म्हणाली. "तो एकटाच जुना होता. बाकीचे सगळे मी आणलेत. बाजारातला दुकानवाला तर आता विचारतो, ताई, खाते क्या?"

मला हसू आलं. मग ती डबा ठेवायला वर हात करून उभी राहिली आणि बाही सरकली. दंडावर चार बोटं. हात पिरगळल्यावर उठतात तशी, हिरवी पडलेली.

"अगं, मग चल की! एक कमी झाला की बाप सोडतोय तुला. तू भरती कशाला करतेस?"

"मी गेले की पुढचा नंबर बाबांचा आहे. त्यांना ते दिसत नाही. मला दिसतं."

मी काही बोलणार तेवढ्यात हॉलमधून प्रितेशचा आवाज आला, मॅच बघताना येतो तसा. "गेला! बाबा, गेला!"

नवीन मासा होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं की त्या कोपऱ्यात जायचं नसतं. आम्ही पोचलो तेव्हा मरळीच्या तोंडातून नुसती नारिंगी शेपटी हलत होती. मग तीही आत गेली. बाकीचे सहा दुसऱ्या टोकाला काचेला चिकटलेले.

भावोजी बघत राहिले. मला वाटलं, आता तरी उघडले डोळे.

ते वळले. "उन्नते, सकाळची कोलंबी टाकली व्हतीस का न्हाय? उपाशी ठेवलीस तिला, म्हणून खाल्ला तिनं."

प्रितेश सोफ्यावरून उठला. "बाबा काय विचारतात? ऐकायला येत नाय का तुला?"

मी मध्ये उभा राहिलो. भावोजींनी तिकडे बघितलंच नाही. ते कोलंबीचा डबा उघडत होते.

उन्नती बापाकडे बघत राहिली. मग तिने चपला घातल्या.

"भावोजी, एक कमी झाला. शब्द होता तुमचा."

"पोट भरलं की व्हईल ती शांत," ते म्हणाले. कोणाबद्दल, कोण जाणे.

मी तिला टेम्पोने पडघ्याला आणलं. घरी आल्यावर ती पातेल्याजवळ बसली. फाटक्या शेपटीचा तिच्या बोटाकडे आला. त्या टाकीतल्या जुन्या सातांपैकी तोच एक वाचला, आणि तोही चोरीला गेला म्हणून.

पुढच्या खेपेला शेलारला गेलो. टाकीत मरळ एकटीच, चांगली जाड झालेली. भावोजींचा हात प्लास्टरमध्ये. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "लादीवर पाय सरकला." आणि डाव्या हाताने तिला कोलंबी टाकत राहिले. प्रितेश आत झोपलेला. बाहेर बाइक नवी कोरी.

संध्याकाळी उन्नतीने विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"मजेत! माझ्या नावाने शिव्या घालतायत नुसते."

उभ्या पडघ्याला थापा मारल्यात मी. आजपर्यंत एक पकडली गेली नाही.

ती माझ्याकडे बघत होती.

"कुठला हात, मामा?"