अडकवलेले पंख

गोरखचिंचेखाली सगळं कुलबिला गाव लोटलं होतं. मागचे माना उंचावत होते. मधे लामिसीआत्या गुडघे टेकून बसली होती. शीयाच्या बियांचं लोणी मळून मऊ झालेले हात मांडीवर. तिच्या पुतण्याचा मुलगा तापानं गेला, मग ती पुतण्याच्या स्वप्नात आली. चौकशी लावायला गावाला एवढा पुरावा पुरला.

चौकशी म्हणजे कोंबडा. गळा कापून भुईवर टाकायचा. उताणा मेला तर बाई निर्दोष. पालथा मेला तर चेटकीण. तिनं त्याच दिवशी गाव सोडायचं.

"कोंबड्याला ना भाऊबंद, ना शेत," सुमानी भगत सांगत होता. "तो कुणाची भीड धरत नाही. पूर्वज त्याच्या अंगात येतात आणि हवं तसं लोळवतात."

भगताचे पूर्वज मोठे व्यवहारी होते. ज्या विधवेचं शेत कुणाच्या डोळ्यात भरलेलं असे, तिचाच कोंबडा ते नेमका पालथा पाडत.

मी कडेला उभी होते. पाठीला बांधलेली माझी सात महिन्यांची लेक सुहुयिनी झोपेत मानेवर लाळ गाळत होती. जन्मल्यापासून तिला रोज लोणी चोळून न्हाऊ घातलं ते ह्याच लामिसीआत्यानं.

आणि मला कोंबड्याची युक्ती ठाऊक होती. गेल्या वर्षापासून.

तेव्हा तानीकाकूची चौकशी होती आणि मी भगताच्या अगदी जवळ होते. त्याच्या पंजाखाली कोंबड्याचे दोन्ही पंख पाठीवर एकमेकांत अडकवलेले मला दिसले. कोंबड्या बाजारात नेताना आमच्या बायका असेच अडकवतात, फडफड होऊ नये म्हणून. पंख मोकळे असले तर कापलेला कोंबडा कोलांट्या खात कसाही पडतो. अडकवलेले असले की टाकला तसाच राहतो.

मी गप्प बसले. तानीकाकू डोक्यावर एक गाठोडं घेऊन हाकललेल्या बायकांच्या वस्तीकडे चालू लागली आणि दुसऱ्या दिवशी मी चौथीला पक्ष्यांच्या पंखांचा धडा शिकवला. छान शिकवला. खरी कोंबडी आणली, मुलांकडून पंख अडकवून घेतले, मग ती ठेवाल तशीच राहते हे दाखवलं. भगताचं नाव मात्र घेतलं नाही. ही मुलं मोठी झाली की ही चाल आपोआप मरेल, असं मी माझ्या मैत्रिणीला, दवाखान्यातल्या नर्स वुम्बेईला सांगितलं.

"तोवर तानीकाकूनं काय करायचं?" ती म्हणाली होती. "तुझी चौथी मोठी व्हायची वाट बघायची?"

आज वुम्बेई माझ्या शेजारीच होती. हळूच म्हणाली, "उद्या पुन्हा धडा घेणार, की आत्ता बोलणार?"

मी म्हटलं, पोर लहान आहे, ह्याच गावात राहायचंय, उद्या माझ्या नावाचा कोंबडा पडेल. त्यात खोटं काही नव्हतं. तेवढ्यात भगतानं सुरी काढली आणि लामिसीआत्यानं मान वर करून, गर्दीतून शोधून, माझ्या लेकीकडे पाहिलं.

मी पाठीचं फडकं सोडलं, सुहुयिनीला वुम्बेईच्या हातात दिलं आणि पुढे झाले.

"भगतबुवा, कापायच्या आधी पिसांखाली कुणाला तरी हात घालू द्या."

"पूर्वज कोपतील, मास्तरीणबाई. शिकवायचं ते शाळेत शिकवा."

"मी नाही घालत. इथं कोंबड्या विकणाऱ्या बायका बसल्यात, त्यांनी बघावं."

त्यांच्यातली आसिबी उठली. तिनं बाजारात घेतात तसा भगताच्या हातातून कोंबडा घेतला, अंगठ्यानं पंख सोडवले. ते फाडकन उघडले. तिनं पुन्हा अडकवले. पालथा ठेवला, पालथाच राहिला. उताणा ठेवला, उताणा राहिला.

"रोज वीस बांधते मी असे," ती म्हणाली. "माझ्या टोपलीत कधी पूर्वज आले नाहीत."

मागून एक म्हातारा हसला, मग बायका हसल्या, आणि त्या हसण्यातून भगत सुरी कनवटीला खोचत वाट काढू लागला. लामिसीआत्या आपल्या घरी गेली.

परतताना आसिबीनं मला गाठलं. "माझी पोर तुमच्या वर्गात होती. तिनं त्याच संध्याकाळी मला करून दाखवलं. भगताचा कोंबडा कसा पडतो, ते बाजारातल्या आम्हा सगळ्यांना वर्षभर ठाऊक होतं. म्हटलं, शिकलेली बाई गप्प आहे, तर आम्ही कशाला तोंड उघडायचं? तुमची वाट बघत होतो, मास्तरीणबाई."

तानीकाकूला त्या वस्तीवरून आणायला मीच गेले. तिनं सुहुयिनीला मांडीवर घेतलं, सगळं ऐकलं आणि एकच विचारलं.

"तुला तेव्हाच दिसलं होतं?"

"हो."

तिनं अंगावरच्या फडक्याच्या टोकानं पोरीचं तोंड पुसलं. "मला वाटायचं, असेन मी चेटकीण," ती म्हणाली. "झोपेत माझ्याकडून काही होत असेल. कोंबडा कशाला खोटं बोलेल?"

धडे मी अजूनही घेते, ते घ्यायलाच हवेत. त्या धड्याशिवाय आसिबीला भगताची युक्ती कळली नसती. पण कुणी चमत्कार दाखवला, तर पिसांखाली हात घालून बघा. आणि दिसलं, तर त्याच जागी, त्याच घटकेला, मोठ्यानं सांगा. उद्याच्या वर्गासाठी राखून ठेवू नका. मी ठेवलं होतं, आणि एक बाई वर्षभर स्वतःलाच घाबरत झोपत होती.