शेगडीवरचं डूल

"सर, परवापर्यंत तुमची लग्नाची अंगठी पिवळी होती, आज पांढरी कशी? बाईंनी बदलायला लावली का?"

अकेयोनं विचारून टाकलं! "विचारून दाखव, गरम तळलेली मांदाझी मी देते," असं शेजारी बसणाऱ्या अवीनोनं डिवचलं होतं. सगळा वर्ग फिदीफिदी हसला. ओदोयो सरही हसले.

"तुम्हाला दाखवायला पारा आणला आणि अंगठी काढायची विसरलो. सोनं सापडलं की पारा चिकटलाच. म्हणून तर तुमच्या घरचे तो खाणीच्या वाळूत चोळतात. मग तो गोळा तापवला की पारा वाफ होऊन उडतो आणि सोनं मागं राहतं. पण ती वाफ दिसत नाही, तिला वासही नसतो. हळूहळू हातपाय थरथरायला लागतात. लहान पोरांना आधी."

अर्ध्या वर्गाच्या घरी खाणीचंच काम. अकेयोच्या डोळ्यांसमोर मात्र ओमोलो आला. दोन वर्षांचा तिचा भाऊ नाताळात अंगणभर पळत होता आणि आता चार पावलांत धपकन पडायचा. आई म्हणायची, जंत झालेत.

मागं दवाखान्यातल्या नर्सबाई घरी आल्या, तेव्हा आईबाबांनी कबूल केलं होतं की पारा जाळायचा तो खाणीवरच. पण खाणीवर जाळलं की कुणाला किती सोनं मिळालं ते दलालांना तिथंच कळतं. म्हणून गावात जो तो दार लावून घरात जाळायचा आणि विचारलं तर छे, आम्ही नाही!

अकेयोचा संशय बाबांवर. गेल्या आठवड्यात "मासे धुरवतोय" म्हणून ते स्वयंपाकघराला कडी लावून बसले होते, पण माशांचा वास काही आला नव्हता. तिनं कानातलं एक सोन्याचं डूल काढलं आणि शेगडीच्या वर, पातेल्यामागच्या खिळ्याला अडकवलं. पाऱ्याची वाफ लागली तर तेही सरांच्या अंगठीसारखं पांढरं पडणार. दुसऱ्याच दिवशी बाबा मयतीला म्हणून तळ्याकाठच्या गावी निघून गेले. हात्तिच्या! आता काय कळणार?

पुढच्या दुपारी ती शाळेतून आली तर स्वयंपाकघराला आतून कडी. तिनं दार बडवलं. बऱ्याच वेळानं आईनं उघडलं. पाठीला कापडात बांधलेला ओमोलो पेंगत होता. शेगडीवर सार्डिनच्या डब्याचं झाकण तापत होतं.

"काय करतेयस आई?"

"ओमेना मासे भाजत होते."

"कुठायत?"

"खाल्ले."

"सगळे? काटासुद्धा उरला नाही?"

"जास्त शहाणपणा नको, अकेयो."

अकेयोनं खिळ्यावरचं डूल काढलं. पिवळेपणा पार गेला होता. पांढरंफटक! बाबा तर घरात नव्हतेच.

"आई, तू? नर्सबाईंपुढं शपथ घेतली होतीस ना?"

"शपथ तुझ्या बाबांनी घेतली. मी नुसती मान हलवली." आईनं चहाची कपबशी उचलली. कप बशीवर किणकिणत राहिला. "आणि खिडकी उघडी ठेवते मी."

"कधी? ती तर पोत्यानं बुजवलीय!"

आईनं ओमोलोला पाठीवर वर सरकवलं.

संध्याकाळी बाबा आले. अकेयोनं डूल त्यांच्या मक्याच्या उगालीच्या ताटाशेजारी ठेवलं आणि सगळं सांगितलं. बाबांनी आधी डुलाकडे नाही, आईकडे पाहिलं. म्हणजे यांनाही ठाऊक होतं!

"आमच्या आईनंही असंच जाळलं," बाबा म्हणाले, "आम्ही काय मेलो?"

"तुम्ही नाही. पण ओमोलो पडतोय, बाबा. त्याला काही सांगताही येत नाही."

"जंताचं औषध आणलंय मी," आई पुटपुटली.

अकेयो उठली. आवाज खणखणीत निघाला.

"मी रोंगो गावच्या मावशीला फोन केलाय. उद्या ओमोलोला घेऊन मी तिच्याकडे चाललेय. आधी त्याला दवाखान्यात दाखवणार, पारा जळतो तेही सांगणार. मग तिथल्याच शाळेत नाव घालणार. तुमचं जाळणं या घराबाहेर गेलं की बोलवा. तोवर आम्ही दोघं येणार नाही."