नीट केलेली एड्सेल

ड्वेनने ताडपत्री ओढली आणि मार्लिसच्या डोक्यात तिडीक गेली.

"कंपनीतून निघाली तेव्हा हुबेहूब अशीच होती," ड्वेन हात पुसत म्हणाला. चेहरा असा, की आता ही आपल्याला मिठीच मारणार.

समोर अठ्ठावन्न सालची एड्सेल गाडी उभी होती. मागे छत, छताखाली सीट, चकचकीत काचा. मार्लिसने दुरुस्तीला दिली होती ती मागून उघडी पिकअप. कुणालाच नको असलेली ही वॅगन तिच्या बाबांनी, आर्डेननी, तरुणपणी उचलून आणली, मागचं छत कापलं आणि उघडा हौदा बनवला. पुढची उभी जाळी पाहून गाव म्हणायचं, घोड्याचा गळपट्टा आला. दर चार जुलैच्या मिरवणुकीत आई त्या हौद्यात उभी राहायची, आणि जो हसेल त्याला गोळ्या-चॉकलेटं नेम धरून मारायची. धरायला दांडी होती, बाबांनी तिच्या मुठीच्या मापाची वळवलेली. आई गेल्या हिवाळ्यात गेली. यंदा तिच्या जागी बाबांना उभं राहायचं होतं. नजर जवळजवळ गेलेल्या म्हाताऱ्याचा हा एवढा एकच हट्ट, आणि मिरवणूक उद्यावर आलेली.

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"नीट करून दे म्हणालीस."

"दार नीट करून दे म्हणाले. ठोकर बसलेलं दार. आणि तू मला गॅरेजात डोकावू दिलं नाहीस, गंमत आहे म्हणालास. हीच का ती गंमत?"

"अगं, असली वॅगन आता मिळते कुठे? आणि ती करवतीने कापलेली. मला बघवेना. पदरमोड करून ओहायोहून छत आणवलं. आर्डेनकाका तरुण होते तेव्हा. होतात चुका माणसाकडून."

चुका. मार्लिसला वाटलं, हातातली किल्ली याच्या थोबाडावर फेकावी. याला वेल्डिंगची बंदूक हातात धरायला कुणी शिकवलं? त्याच चुका करणाऱ्याने. ज्या घरात वर्षानुवर्षं जेवलास, त्या घराला अक्कल शिकवतोस?

"हौदा कुठे आहे? दांडी कुठे आहे?"

"भंगारात दिलं सगळं. वितळलंही असेल आता. गंजलं होतं गं."

"तू माझ्या आईची जागा भंगारात दिलीस, ड्वेन. आणि वर कौतुक मागतोयस."

ड्वेनचं तोंड उतरलं. तो काही बोलणार तेवढ्यात दारात काठी वाजली. बाहेर मार्लिसच्या गाडीत बसून कंटाळलेले बाबा चाचपडत आत आले.

"आता तूच सांग त्यांना," मार्लिस दात खाऊन म्हणाली. "माझ्या तोंडून नाही निघणार."

बाबांचा हात एड्सेलला लागला. दारावरून वर सरकला, छतावर गेला, मागेपर्यंत फिरला. एका जागी अंगठा थांबला, पुन्हा मागे आला.

"जोड हाताला लागतच नाही," ते म्हणाले. "शाबास रे पोरा. कुणाची आहे ही?"

ड्वेनने मार्लिसकडे पाहिलं. ती त्याच्यावर डोळे रोखून उभी होती.

"काका, ही..."

"असू दे कुणाची का असेना, मालक खूश होणार. बरं, आपली बाहेर काढ. एकदा दांडी धरून उभा राहून बघतो. उद्या सगळ्यांसमोर पडलो, तर ही पोरगी मला घरी घेणार नाही."